अडनिडी पाने, पहिली बोली

दिवाळीत खेळायला बसण्यास धर्माचाही थोडा आधार आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या पाडव्याला, द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे आणि त्या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले अशी कथा सांगतात. तेव्हा फराळाची ताटे उचलली गेल्यावर सतरंजीवर पत्त्यांचा जोड पडला, तर वडीलधाऱ्यांनी डोळे वटारण्याचे कारण नाही. बहुतेक घरांत त्या सतरंजीवर मेंढीकोट रंगतो. बाळगोपाळ असले तर झब्बू. पण ब्रिज येणारी चार माणसे एकाच घरात निघाली, तर बाकीच्यांना ती थेट रात्रीच्या जेवणापर्यंत दिसत नाहीत. या सदराचे वाचक बहुधा त्या चारांपैकीच असतात. आजचा विषय त्यांच्यासाठी आहे आणि त्यांच्या पाठीशी उभे राहून "एवढा वेळ विचार कसला चाललाय हो?" असे विचारणाऱ्या मंडळींसाठीही.

ब्रिजमध्ये पत्ता टाकण्याआधी बोलावे लागते. या बोलण्याला मराठीने फार नेमका शब्द दिला आहे: बोली. लिलावात पुकारतात ती बोली आणि वऱ्हाडात किंवा मालवणात बोलतात तीही बोली. ब्रिजची बोली या दोन्ही अर्थांनी बोली आहे. जो अधिक हात करण्याची हमी देईल त्याच्या रंगाचा हुकूम, म्हणून तो लिलाव. आणि समोरच्या भिडूला आपली पाने न दाखवता त्यांची हकीकत सांगायची ती याच शब्दांत, म्हणून ती भाषा. या भाषेचा शब्दकोश केवढा? एकापासून सातापर्यंत सात पायऱ्या. प्रत्येक पायरीवर किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नो-ट्रम्प म्हणजे बिनहुकमी, अशा चढत्या क्रमाने पाच बोली. झाल्या ३५. त्यांत पास, डबल आणि रिडबल मिळवा. एकूण शब्द ३८. उलट, बावन पानांतून एका खेळाडूला येऊ शकणाऱ्या तेरा पानांचे वेगवेगळे संच मोजले तर ते भरतात ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६००. एवढ्या गोष्टी ३८ शब्दांत सांगायच्या म्हटल्यावर काही गोष्टींना शब्द सापडणार नाही, हे उघडच आहे.

अशा पानांना मी अडनिडी पाने म्हणतो. ती वाईट नसतात. वाईट पानांना 'पास' हा हक्काचा शब्द आहे. ही पाने चांगली असतात, फक्त ती सरळ सांगता येत नाहीत. (एक खुलासा करून ठेवतो. आपल्याकडे 'हात' हा शब्द खेळून जिंकलेल्या चार पत्त्यांनाही लावतात आणि हातातल्या तेरा पत्त्यांनाही. घोटाळा नको म्हणून या लेखात जिंकायचे ते 'हात' आणि हातात धरलेली ती 'पाने'.)

आता पुढची पाने पाहा. वाटप तुम्हीच केले आहे, म्हणून पहिले बोलणे तुमच्याकडे.

इस्पिक: छक्की
बदाम: एक्का, गुलाम, पंजी
चौकट: राजा, राणी, सत्ती, तिर्री
किलवर: राजा, नव्वी, अठ्ठी, चव्वी, दुर्री

एक, तीन, चार, पाच. पाच-चार-तीन-एक अशी वाटणी काही दुर्मिळ नव्हे. शंभरांत जवळजवळ १३ वेळा ती येते. पण इस्पिक एक, बदाम तीन, चौकट चार, किलवर पाच अशी नेमक्या याच क्रमाने येण्याची पाळी साधारण १८६ वाटपांतून एकदा. म्हणजे नियमाने खेळणाऱ्याला हा पाहुणा दर पंधरवड्या-महिन्याने भेटायचाच.

पहिला प्रश्न, बोलावे की पास म्हणावे? एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ ही गुणमोजणी अमेरिकेत मिल्टन वर्क यांनी लोकप्रिय केली आणि १९४९ साली चार्ल्स गोरेन यांच्या पुस्तकाने ती घरोघर पोचवली. जोडात एकूण गुण ४०, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १०. आपल्यापाशी १३ आहेत. त्याआधीच्या जमान्यात ईली कल्बर्टसन यांच्या पद्धतीने 'मानाचे हात' मोजत. त्या मोजणीनेही बदामाचा एक्का १, चौकटीची राजा-राणी १ आणि किलवरचा राजा अर्धा, असे अडीच भरतात आणि अडीचला सुरुवात करावी असाच त्यांचा दंडक होता. अलीकडच्या मार्टी बर्गेन यांचा हिशेब असा, की गुणांत दोन सर्वांत लांब रंगांची पाने मिळवावीत आणि बेरीज २० झाली तर बोलावे. येथे १३ अधिक ९, बेरीज २२. तीन पिढ्यांचे तीन पंच एकमुखाने सांगतात, की बोला. पण काय बोला?

सरळ माणूस म्हणेल, सर्वांत लांब रंग किलवर, म्हणून 'एक किलवर'. शाळेत शिकवतात ते हेच आणि ते खोटे नाही. भिडूने उत्तरादाखल 'एक चौकट' म्हटले, तर आपण आनंदाने 'दोन चौकट' म्हणू. त्याने 'एक बदाम' म्हटले, तर तीन पाने आणि एकेरी इस्पिक यांच्या बळावर 'दोन बदाम' म्हणता येईल. पण तो 'एक इस्पिक' म्हणाला की आपली जीभ टाळ्याला चिकटते. आणि गंमत अशी, की तो तेच म्हणण्याचा संभव सर्वांत अधिक. आपल्याकडे इस्पिकचे पान एकच; उरलेली बारा तिघांत वाटली गेली आहेत, म्हणजे प्रत्येकाकडे सरासरी चार. जे उत्तर ऐकायचे नसते तेच ऐकू येते, यात नशिबाला दोष नाही. ते आपल्याच पानांत लिहिलेले असते.

'एक इस्पिक' ऐकल्यावर 'दोन चौकट' का म्हणू नये, असे नवा खेळाडू हमखास विचारतो. चार चौकटी आहेत, त्याही राजा-राणीच्या. त्याचे उत्तर पायऱ्यांत आहे. भिडूला आपला दुसरा रंग न मानवता पहिला किलवरच बरा वाटला, तर 'दोन चौकट'च्या वर जाऊन त्याला 'तीन किलवर' म्हणावे लागते. म्हणजे नऊ हात करण्याची हमी. ज्या भिडूपाशी सहाच गुण असतील, त्याला आपण नऊ हातांच्या पायरीवर ढकलून दिले. म्हणून चढत्या क्रमाने असा दुसरा रंग बोलणाऱ्याने स्वतःपाशी १७ गुणांची तरी पुंजी ठेवावी असा संकेत आहे. तेरा गुणांवर 'दोन चौकट' म्हणणे म्हणजे खिशात दमडी नसताना भिडूला जामीन ठेवण्यासारखे आहे.

मग उरते काय? 'एक किलवर' म्हणून सुरुवात केली असेल तर दोनच वाटा. एक, 'दोन किलवर' म्हणावे. पण रंग दुसऱ्यांदा बोलणे म्हणजे सहा पानांचे आश्वासन, आणि आपल्यापाशी पाचच, त्यांचा म्होरक्या राजा आणि पाठीमागे नव्वी-अठ्ठीची बाजारबुणगी. दुसरी वाट 'एक नो-ट्रम्प'. हल्लीचे अनेक मोठे खेळाडू ही वाट धरतात. पण ती बोली भिडूच्या रंगाची निदान दोन पाने दाखवते, आणि आपल्याकडे त्या रंगाची छक्की एकटी बसली आहे. पाच पानी इस्पिकवाला भिडू त्यावर विश्वासून पुन्हा 'दोन इस्पिक' म्हणाला, तर दोष कोणाला द्यायचा?

तिसरी वाट सुरुवातीलाच फुटते. लांबीत किलवर मोठा असूनही 'एक चौकट' म्हणून आरंभ करायचा. मग 'एक इस्पिक' आले तर आपण निश्चिंतपणे 'दोन किलवर' म्हणतो. भिडूला चौकट आवडली तर तो 'दोन चौकट' म्हणून परत येईल. पायरी वाढणार नाही. बोली सुटसुटीत झाली. फक्त एक गोष्ट खोटी सांगितली गेली: चौकट किलवरपेक्षा लांब आहे, किंवा निदान तेवढीच आहे, असे भिडू समजणार.

या खोट्याची किंमत किती, ते आपण मोजू. भिडूपाशी चौकट चार आणि किलवर दोन असतील, तर 'एक चौकट'ची वाट आपल्याला आठ हुकमांच्या चौकटीत पोचवते, आणि 'एक किलवर, दोन किलवर'वाला सात हुकमांवर अडकून चौकट गमावतो. भिडूपाशी चौकट दोन आणि किलवर तीन असतील, तर दोन्ही वाटा 'दोन किलवर'लाच मिळतात, फरक शून्य. चौकट तीन आणि किलवर दोन असतील, तर दोन्हीकडे सातच हुकूम, पण चौकटीचे सात राजा-राणीसकट. आता उलटी बाजू. दोन्ही रंग तीन-तीन असतील, तर भिडू आपल्या शब्दाला मान देऊन चौकटीकडे परततो आणि आठ हुकूम सोडून सातांत खेळावे लागते. दोन्ही रंग दोन-दोन असतील तर त्याहून वाईट: तो चौकटीकडे परततो आणि आपण सहा हुकूम घेऊन, समोर सात असलेल्या शत्रूशी लढतो. म्हणजे तराजूची दोन्ही पारडी भरलेली आहेत. 'एक चौकट' ही युक्ती आहे, जादू नव्हे.

निकाल लागतो तो चित्रांवरून आणि रंगांच्या पोताकडे पाहून. आपल्या पानांत चौकटीत राजा-राणी आहेत आणि किलवर फुसका आहे. चौकट खेळावी लागली तरी सात हुकमांत निभावेल. आणि शत्रूने डाव आपल्या नावावर नेला, तर भिडू उतारी करील ती चौकटीची, जी आपल्याला हवीच आहे. म्हणून येथे माझे मत 'एक चौकट'. पण तीच लांबी ठेवून चित्रे हलवा. बदामाचा एक्का, चौकटीचा नुसता राजा आणि किलवरचे राजा, राणी, गुलाम, नव्वी, दुर्री. गुण पुन्हा १३च. पण आता 'एक किलवर' आणि मागाहून 'दोन किलवर'. ही पाच पाने सहांचे काम करतील. खोटे बोललो तरी ते खऱ्याच्या शेजारी उभे आहे. आणखी एकदा हलवा. इस्पिकचा राजा एकटा, बदामाचे एक्का, गुलाम, पंजी, चौकटीची राणी आणि तीन बारीक, किलवरचे एक्का, गुलाम आणि तीन बारीक. गुण १५. आता सुरुवातच 'एक नो-ट्रम्प'. पूर्वी एकेरी रंग घेऊन नो-ट्रम्प बोलणे अमेरिकेत जवळजवळ शिष्टाचाराविरुद्ध होते. तेथल्या ब्रिज-संघटनेने २०१६ साली नियम सैल केला: एकेरी पान एक्का, राजा किंवा राणी असेल आणि दुसरा कोणताही रंग दोन पानी नसेल, तर ती बोली स्वाभाविकच मानावी. आपली ही पाने त्या चौकटीत नेमकी बसतात.

बसण्याच्या जागेनेही उत्तर बदलते. पहिली पाने तीच, पण तुम्ही चौथे आहात आणि तिघांनी पास म्हटले आहे. आता तुम्हीही पास म्हणालात, तर डाव फेकला जाईल आणि कोणाचेच नुकसान नाही. या जागी जाणते लोक गुणांत इस्पिकच्या पानांची संख्या मिळवतात आणि १५ भरले तरच बोलतात. आपले १३ अधिक १, म्हणजे १४. तेव्हा पास. कारण इस्पिक हा रंगांतला राजा आहे. ज्याच्याकडे तो आहे तो त्याच पायरीवर राहून तुमच्या वर बोलतो, आणि तो बहुधा तुमच्याकडे नाही, समोरच्या पक्षाकडे आहे. तिघांनी झोपवलेला डाव आपण जागा करून शत्रूच्या हाती द्यावा, हे शहाणपण नव्हे.

अडनिड्या पानांचा बंदोबस्त आधीच का करून ठेवू नये, असे कोणाला वाटेल. तसे प्रयत्न झाले आहेत. इटलीच्या बेलादोना आणि आव्हारेल्ली या जोडीच्या रोमन पद्धतीत 'दोन किलवर' ही सुरुवातीची बोलीच मुळी तीन रंगांत विखुरलेल्या पानांसाठी राखून ठेवली होती. चीनमध्ये जन्मलेल्या सी. सी. वेई यांच्या प्रिसिजन पद्धतीत 'दोन चौकट' म्हणजे चौकट आखूड आणि बाकीचे तीन रंग भरलेले. याच पद्धतीने खेळत तैवानचा संघ १९६९ आणि १९७० या दोन्ही वर्षी बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला, हे तिचे बळ. पण शब्दकोश ३८ शब्दांचाच आहे. एका शब्दाला नवा अर्थ दिला की त्याचा जुना अर्थ सांगायला शब्द उरत नाही. घरात पाहुण्यांसाठी एक खोली राखून ठेवावी, तर घरच्यांची दाटी होते. म्हणून अशी कितीही सोय केली, तरी कोणती ना कोणती पाने उंबऱ्यावर ताटकळत उभी राहणारच.

तेव्हा पहिली बोली निवडताना प्रश्न 'खरे काय?' हा नसतो. पुष्कळदा खरे असे काही नसतेच. प्रश्न असा, की भिडूने आपल्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवला, तर कोणत्या शब्दाने त्याचे सर्वांत कमी नुकसान होईल? दुसरी बोली मनात ठरल्याखेरीज पहिली तोंडातून काढू नये, या जुन्या उपदेशाचे मर्म हेच आहे.

हे मी पत्त्यांपुरते बोलतो आहे, पण पत्ते आणि माणसे यांच्यातला पडदा फार पातळ असतो. १९२९ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत बेनेट नावाचे जोडपे शेजाऱ्यांबरोबर ब्रिज खेळत होते. नवऱ्याने 'एक इस्पिक' म्हणून सुरुवात केली, बायकोने भरवसा ठेवून ती चारांवर नेली आणि डाव बुडाला. शब्दाने शब्द वाढला, नवऱ्याने हात उगारला आणि बायकोने पिस्तूल आणून त्याला ठार केले. १९३१ साली ज्यूरीने तिला निर्दोष सोडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कला कल्बर्टसन आणि सिडनी लेन्झ यांचा दीडशे रबरांचा गाजलेला सामना सुरू झाला. लेन्झ यांचे भिडू ओस्वाल्ड जॅकोबी हे तरुण आणि विलक्षण बुद्धिमान; पण त्यांच्या फसव्या बोलींनी शत्रूइतकाच भिडूही चकत असे. कुरबुरी वाढत गेल्या आणि १०३ रबरांनंतर जॅकोबी उठून गेले. लेन्झना उरलेला सामना दुसरा भिडू घेऊन संपवावा लागला आणि तो कल्बर्टसन यांनी जिंकला. मोठी बुद्धी कमी पडली नव्हती. एकाच्या शब्दावर दुसऱ्याने टेकायचे असते, तो टेकू निखळला होता.

आणखी एक बाजू आहे, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. अडनिडी पाने उचलून तुम्ही दोन मिनिटे छताकडे पाहिले आणि मग हलकेच 'एक चौकट' म्हटलेत, तर भिडूला चौकटीखेरीज आणखीही काही कळले: यांच्या पानांत काहीतरी भानगड आहे. नियम विचार करायला मना करीत नाही. पण त्या थांबण्यातून मिळालेल्या बातमीचा भिडूने उपयोग करता कामा नये, असे नियमच सांगतो. म्हणजे तुमच्या दोन मिनिटांनी प्रामाणिक भिडूचे हात बांधले गेले. एरवी तो जे सहज बोलला असता, तेही आता त्याला दहादा तपासून बोलावे लागेल. म्हणून तर मोठ्या स्पर्धांत आता तोंडाने बोलतच नाहीत, बोलीची छापील कार्डे मांडतात. आणि बर्म्युडा बोलमध्ये १९७५ पासून टेबलावर तिरका पडदाही उभा राहू लागला, की भिडूला भिडूचे तोंड दिसू नये. घरच्या सतरंजीवर पडदा नसतो. तेथे तो ज्याचा त्याने मनात धरायचा.

याच न्यायाने, 'आम्ही कधीकधी किलवर लांब असूनही चौकट आधी बोलतो' असा तुम्हा दोघांचा करार असेल, तर प्रतिपक्षाने विचारताच तो सांगितला पाहिजे. ब्रिजमध्ये पाने झाकलेली असतात, भाषा नव्हे. भिडूला समजणारा आणि शत्रूपासून लपवलेला शब्द ही बोली नव्हे, ती खूण झाली.

म्हणून सांगतो, पाडव्याला खेळायला बसण्याआधी चिवड्याच्या बशीवर भिडूशी चार गोष्टी बोलून घ्या. किलवर पाच आणि चौकट चार असताना आधी कोण? 'दोन किलवर' पुन्हा म्हटले तर सहा पाने नक्की समजायची, की बहुधा? एकेरी राजा घेऊन नो-ट्रम्प चालेल का? चौथ्या जागी इस्पिक नसताना पास म्हटले, तर कोणी रुसणार नाही ना? उत्तर कोणतेही ठरो, दोघांचे एक ठरले की पुरे. भिडू मुरलेला असेल तर करार बारीक करा. नवखा असेल तर सोपा ठेवा आणि त्याला ज्या शब्दाची सवय आहे तोच वापरा. पुस्तकातल्या भिडूसाठी केलेली उत्तम बोली समोरच्या माणसाला कळली नाही, तर तिचा काय उपयोग?

आणि हो, रिवाजाप्रमाणे एक कोडे. इस्पिकची चव्वी एकटी. बदामाचे एक्का, राणी, अठ्ठी, तिर्री. चौकटीचे राजा, दश्शी, छक्की, दुर्री. किलवरचे एक्का, नव्वी, सत्ती, पंजी. गुण १३, वाटप तुमचे, आणि करार असा की बदाम किंवा इस्पिक पाच पानांखाली आधी बोलायचे नाही. 'एक किलवर' की 'एक चौकट'? भिडू 'एक इस्पिक' म्हणणार हे धरूनच चाला, म्हणजे उत्तर आपोआप सापडेल. पडताळून पाहायला पुढचा अंक आहेच.